बारा पट्ट्या आणि स्वयंभू गंधार

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल निवृत्त डेप्युटी कलेक्टर होते, पण ध्यास श्रुतींचा, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांतरांचा. गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची साथ घेऊन त्यांनी स्वरांची मोजमापं केली, १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक काढलं. पुढे अर्नेस्ट क्लेमंट्स या आय.सी.एस. न्यायाधीशांच्या जोडीने त्यांनी श्रुतींची पेटी लंडनच्या मूर अँड मूर कंपनीकडून घडवून घेतली. १९१६ मध्ये बडोद्याच्या अखिल भारतीय संगीत परिषदेत ती मांडली गेली. संगीतशास्त्रकार भातखंड्यांना देवलांचा श्रुतिसिद्धान्त मान्य झाला नाही आणि पेटी मागे पडली.

सुरांच्या नेमक्या जागांचा प्रश्न मात्र मागे पडलेला नाही. कराडच्या एखाद्या तरुण संगीतकाराने आज नुसत्या पियानोसाठी पाच-सहा रचना करायला घेतल्या, तर पहिल्याच सुराला तो त्याच्यासमोर उभा राहतो. पियानोचं सप्तक बारा सारख्या भागांत कापलेलं. एकेक भाग १०० सेंटचा. मिरजेचा तंबोरा छेडला की खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार उमटतो, तो षड्जापासून ३८६ सेंटवर. पियानोच्या पट्टीवरचा गंधार ४०० वर. हे चौदा सेंट जाणत्या कानाला टोचतात. शिवाय पियानोवर मींड नाही, एका सुरातून दुसऱ्यात सरकत जाणं नाही. हातोडी तारेवर आदळून मागे फिरली की सूर वादकाच्या हातून सुटला. त्याला वळवता येत नाही, फुगवता येत नाही. पेटीला निदान भाता असतो.

व्हायोलिन आपल्याकडे रुजलं ते याच कारणाने: त्याला पडदेच नाहीत. औंधच्या गजाननबुवा जोशींनी त्यावर अख्खा ख्याल उभा केला.

पियानोवर ख्याल उभा करायचा हट्ट धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वेगळी वाट होती आणि ती देवलांच्याच काळात कुणी तरी चालत होतं. बडोद्याच्या परिषदेच्या आदल्या वर्षी, १९१५ मध्ये, हंगेरीच्या बेला बार्टोकने सहा रुमानियन लोकनृत्यं पियानोसाठी लिहिली. ट्रान्सिल्व्हेनियातल्या खेड्यांत फिरून त्याने या चाली गोळा केल्या होत्या. पट्ट्या त्याने वाढवल्या नाहीत. तिसऱ्या नृत्यात डाव्या हाताला एक आस धरून ठेवलेली, आणि उजव्या हातात वरच्या सप्तकात पाव्यासारखी नाजूक चाल. तिच्यात भैरवातल्या कोमल रिषभ ते शुद्ध गंधार या अंतरासारखी मोठी झेप आहे. सहाही नृत्यं मिळून जेमतेम पाच-सहा मिनिटांची. एवढ्यात एक अख्खा मुलूख ऐकू येतो.

आणि देवलांचा गंधार? तो पियानोतही आहे. उजवं पेडल दाबा, सगळ्या तारांवरचे दाबक उचलले जातील. मग खर्जातला षड्ज जरा जोर देऊन वाजवा आणि हात उचलून थांबा. तंबोऱ्यात येतो तोच गंधार त्या जाड तारेतून हळूच वर येतो, पट्टीवरच्या गंधारापेक्षा किंचित उतरलेला. म्हणून रचनाकाराने काही ठिकाणी गंधाराची पट्टी मुद्दाम मोकळी सोडावी, विराम लांबवावा आणि तारेला गाऊ द्यावं. मींडेची भरपाई कणस्वरांनी थोडीफार होते. या शांततेची भरपाई कशानेच होत नाही.

साहित्य तर दाराशी आहे. कराड तालुक्यातल्या पालच्या खंडोबासमोर वाघ्या-मुरळी गातात तेव्हा तुणतुण्याची एकच तार सतत वाजत असते आणि दिमडी तिच्याभोवती खेळते. एकाच पट्टीवर नेटाने परतणारा डावा हात आणि दिमडीचे तुटक ठोके धरणारा उजवा: पहिली रचना इथून सुरू करता येईल. दुसरीसाठी जात्यावरची ओवी घ्यावी, ठेका न बांधता, श्वासाच्या लांबीने. जे लिहाल ते स्वरलिपीत नेमकं उतरवा, पेडल कुठे दाबायचं आणि कुठे सोडायचं तेसुद्धा, म्हणजे पणजीचा किंवा पॅरिसचा वादकही ते वाजवू शकेल.

पालची यात्रा पौषात भरते. दिवाळीनंतर दोन महिने हातात आहेत. ध्वनिमुद्रणाची सोय करून ठेवा आणि तुणतुण्याच्या जवळ उभे राहा.