पेल्यातला वाद

ज्या वादाचा निकाल लागण्याची यत्किंचितही शक्यता नसते, तोच वाद मनुष्य सर्वांत अधिक आवेशाने घालीत असतो. आत्मा अमर आहे की नाही, दैव थोर की प्रयत्न थोर, या चिरंजीव वादांच्या पंक्तीला, निदान युरोपात तरी, आणखी एका वादाला पाट मांडून द्यावयास हवा. आजवर चाखलेल्या बीअरपैकी सर्वोत्तम कोणती, हा तो वाद होय. वाचकांनी कपाळाला आठ्या घालण्यापूर्वी एवढेच निवेदन करतो की, आम्ही या पेयाचे पुरस्कर्ते नव्हे आणि नित्याचे उपासक तर नव्हेच नव्हे. परंतु विषय सोवळा असेल तरच वाद ऐकावयाचा असा नेम केला, तर जगातील कित्येक रसाळ संभाषणांना आपण मुकू.

आम्हांस हा वाद त्याच्या काशीक्षेत्रातच ऐकावयास मिळाला. बेल्जियमच्या पश्चिम फ्लांडर्स प्रांतात, हॉपच्या वेलींसाठी उभारलेल्या उंच खांबांच्या शेतांमध्ये, वेस्टव्लेटेरेन नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे ट्रॅपिस्ट पंथाच्या संन्याशांचा सेंट सिक्स्टसचा मठ १८३१ साली स्थापन झाला, आणि त्याच दशकात मठाच्या आवारात बीअर तयार होऊ लागली. मठासमोरच एक उपाहारगृह आहे. काही वर्षांपूर्वी शरद ऋतूतील एका दुपारी एका मित्राच्या आग्रहावरून आम्ही तेथे जाऊन बसलो. गर्दी इतकी होती की, आमच्या मेजावर तिघा अनोळखी मंडळींना जागा द्यावी लागली. एक निवृत्त इंग्रज शाळामास्तर, एक चेक अभियंता आणि एक फ्लेमिश वृद्ध बाई. मास्तरांनी पहिला घोट घेतला आणि वादाला तोंड फोडले.

या मठातील संन्याशांचा व्यवहार मोठा विलक्षण आहे. त्यांच्या तीन बीअरपैकी जी सर्वांत जड, तिचे नाव नुसते 'बारा'. तीत मद्यार्क शेकडा दहाहून किंचित अधिक असतो. २००५ साली बीअरभक्तांच्या मतांवरून केलेल्या एका यादीत हिला जगातील सर्वोत्तम बीअर ठरविण्यात आले, आणि दुसऱ्या दिवसापासून मठाच्या दाराशी मोटारींची रांग लागली. दुसरा कोणी असता तर त्याने नवे कारखाने उभारले असते. या मंडळींनी एकही पिंप वाढविले नाही. मठाचा चरितार्थ चालावा एवढ्यापुरतीच बीअर करावयाची, बीअर चालावी म्हणून मठ चालवावयाचा नाही, हा त्यांचा बाणा. मागणी आगाऊ नोंदवावी लागे, गाडीचा क्रमांक सांगावा लागे, पेट्यांची संख्या मोजकी असे, आणि माल पुन्हा विकणार नाही असे वचन द्यावे लागे. हा नियम त्यांनी एकदा सैल केला. मठाची जुनी इमारत नव्याने बांधण्याचा खर्च भागविण्यासाठी २०११ साली बेल्जियमच्या दुकानांत आणि २०१२ साली परदेशांत त्यांनी ही बीअर विकली, आणि मग पुन्हा दार लावून घेतले.

आम्ही ती चाखली. काळ्या मनुका, काकवी आणि किंचित करपलेला पाव यांचा एकत्रित भास तीत होतो. उत्तम आहे, यात संशय नाही. पण ती घेताना आमच्या जिभेशेजारी तिची कीर्तीही येऊन बसली होती, आणि या दोघींपैकी नेमकी कोण बोलत होती हे सांगणे अवघड आहे. या शंकेला एक भक्कम आधारही आहे. १९४६ ते १९९२ पर्यंत मठाच्या परवानगीने याच बीअर जवळच्या वाटू गावातील एक व्यापारी बीअरशाळा तयार करून विकीत असे. करार संपला, तरी ती बीअरशाळा तशाच बीअर सेंट बर्नार्डस या नावाने आजही काढते, आणि त्या सहज विकत मिळतात. दोन्हींचे पेले झाकून पुढे ठेवले तर फरक सांगता येत नाही, असे म्हणणारे रसिक पुष्कळ आहेत. मठाचीच सरस, असे शपथेवर सांगणारे त्याहून पुष्कळ आहेत. मात्र वाटूच्या दारात तशी रांग लागत नाही.

चेक अभियंता पिल्झेनचा होता. त्याने बारावर फारसा वेळ घालविला नाही. त्याच्या मते बीअर ही पाण्याची कला आहे. १८३८ साली पिल्झेनच्या नागरिकांनी नासक्या बीअरची छत्तीस पिंपे नगरभवनासमोर ओतून दिली, अशी कथा आहे. मग गावाने स्वतःची बीअरशाळा बांधली, बव्हेरियातून योझेफ ग्रोल नावाचा तापट कारागीर आणला, आणि ५ ऑक्टोबर १८४२ रोजी त्याने पहिली सोनेरी, पारदर्शक बीअर शिजवावयास घेतली. पिल्झेनचे पाणी अतिशय मृदू असल्यामुळे हॉपचा कडवटपणा तीत टोचत नाही, नुसता स्पर्श करून जातो. उलट इंग्लंडातील बर्टन गावचे पाणी जिप्समयुक्त व कठीण. त्यात हाच कडवटपणा धारदार होतो. डब्लिनच्या पाण्याला करपवलेल्या जवाची काळी बीअर मानवली. आपल्या विहिरीशी जुळवून घेता घेता प्रत्येक गावाला आपापली चव सापडली. आज कोणत्याही पाण्यात हवे ते क्षार घालून त्याचे बर्टन करता येते, हे त्या अभियंत्यालाही ठाऊक होते; पण ते तो जरा नाराजीनेच बोलला.

बर्टनचे नाव निघताच मास्तर आमच्याकडे वळले. "तुमच्या मुंबईचेही या प्रकरणात ऋण आहे," ते म्हणाले. आम्ही चकित झालो. लंडनच्या पूर्वेस बो येथील हॉजसन यांची बीअरशाळा कंपनीच्या गोद्यांपासून जवळ होती, आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांचे कप्तान त्यांची फिकी बीअर उधारीवर उचलून कलकत्ता, मद्रास, मुंबई येथील गोऱ्या साहेबांना विकीत. १८२० नंतर बर्टनकरही या धंद्यात उतरले. ही बीअर हिंदुस्थानासाठी शोधून काढली, असे सर्रास सांगतात; ते खरे नव्हे. इंग्लंडातील श्रीमंतांच्या तळघरांत तशी बीअर आधीपासूनच मुरत पडत असे. झाले एवढेच की, केप ऑफ गुड होपला वळसा घालून, दोनदा विषुववृत्त ओलांडून, महिनोन्‌महिने जहाजाच्या पोटात हिंदकळत आल्यावर तिला तळघरातील वर्षांचा मुरलेपणा वाटेतच येई. मुंबईच्या बंदरात उतरलेल्या त्या पिंपाची चव आज कोणालाच ठाऊक नाही. तरी मास्तर तिच्याविषयी असे बोलत होते, की जणू परवाच चाखली आहे.

मात्र त्यांचे खरे मत ऐकून आम्ही मनोमन त्यांच्या पक्षाला मिळालो. ते माइल्ड नावाच्या साध्या, गडद, हलक्या बीअरचे अभिमानी होते. एके काळी गिरणी आणि खाण कामगार घामाघूम होऊन बाहेर पडले की हीच पीत. १९६० नंतरच्या काळात तिचा खप झपाट्याने घटला. म्हाताऱ्यांचे पेय म्हणून तरुणांनी नाक मुरडले. तिची खरी गोडी पिंपातच. पिंपात यीस्ट जिवंत असते, तळघराच्या बेताच्या गारव्यात ती पक्व होते, हातपंपाने वर ओढली जाते, आणि पिंप उघडल्यावर थोड्याच दिवसांत संपवावी लागते. असा माल दूरवर नेऊन जगाच्या स्पर्धेत कसा मांडणार? १९७१ साली चार इंग्रज तरुणांनी पिंपातील जिवंत बीअर वाचविण्यासाठी चळवळ काढली; तिच्या वार्षिक स्पर्धेत २००७ साली शेकडा ३.२ आणि २०११ साली शेकडा ३.७ मद्यार्काची माइल्ड देशात पहिली आली. हे दोन आकडे मास्तरांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या गुणांसारखे तोंडपाठ म्हणून दाखविले.

'सर्वोत्तम कोणती' या प्रश्नातच एक पक्षपात दडलेला आहे, असे आम्हांस वाटते. प्रश्न ऐकताच मनुष्य एका घोटाची परीक्षा करू लागतो, आणि एका घोटात जड, गोड, भरगच्च तेच जिंकणार. मैफलीत टाळी तानेला पडते. अर्धा तास सुरावर स्थिर राहणाऱ्याला ती क्वचितच मिळते. वरणभाताला कोणी पदक देत नाही, पण आजारातून उठलेला मनुष्य बासुंदी मागत नाही. माइल्ड ही चार तास गप्पा मारीत बसावयाची बीअर आहे. तिची परीक्षा चौथ्या पेल्यावर व्हावयाची, आणि तोपर्यंत परीक्षक आपल्या वह्या मिटून निघून गेलेले असतात. यादीच्या शिरोभागी जे पेय बसते त्याचे फारसे बिघडत नाही. तळाशी जे ढकलले जाते ते मात्र हळूहळू नाहीसे होते. म्हणून या वादाला आम्ही केवळ करमणूक म्हणावयास तयार नाही.

याला पुरावा त्या फ्लेमिश बाईंनी दिला. त्यांचे माहेर ब्राबांतमधील हूगार्डन. गव्हाची, ढगाळ, पांढरी बीअर ही त्या गावची शेकडो वर्षांची मिरास. एकेक बीअरशाळा बंद होत गेली आणि १९५७ साली शेवटचीही मिटली. लोकांना पिल्झेनसारखी पिवळी, पारदर्शक बीअर अधिक उत्तम वाटू लागली होती, दुसरे काही घडले नव्हते. पिएर सेलिस (१९२५–२०११) हा गावचा दूधवाला. लहानपणी शेजारच्या बीअरशाळेत तो हाताखाली काम करीत असे. गावकरी पेल्यासमोर बसून हरवलेल्या बीअरविषयी हळहळत, आणि ते ऐकून ऐकून सेलिसने १९६० नंतरच्या दशकात स्वतःच ती पुन्हा करावयास घेतली: गहू, जव, धणे आणि संत्र्याची वाळलेली साल. बीअर लोकप्रिय झाली. १९८५ साली बीअरशाळेला आग लागली. उभारणीसाठी मोठ्या कंपनीचे भांडवल घ्यावे लागले आणि अखेर सगळेच त्या कंपनीचे झाले. सेलिस अमेरिकेत टेक्सासला गेला आणि १९९२ साली तेथे तीच बीअर पुन्हा करू लागला. आज जगभर जिथे जिथे धणे आणि संत्र्याची साल घातलेली पांढरी बीअर मिळते, तिथे तिथे त्या दूधवाल्याचा हात आहे.

"मग तुमच्या मते सर्वोत्तम तीच?" अभियंत्याने बाईंना विचारले.

"सेलिसची चांगलीच आहे," त्या म्हणाल्या. "पण आमच्या घरी जी येई, ती ही नव्हे."

त्या बारा वर्षांच्या असताना शेवटची बीअरशाळा बंद झाली. त्या काळी तिकडे मुलांनाही जेवताना हलक्या बीअरचा छोटा पेला मिळत असे. त्यांचे वडील संध्याकाळी मातीच्या सुरईतून ती घेऊन येत. सेलिसलाही चवीच्या आठवणीवरच भिस्त ठेवावी लागली होती आणि बाईंनाही. दोघांच्या आठवणींची तुलना करावयास मूळ पेला कोठून आणणार? मास्तर पुढे सरसावले. ती जुनी बीअर होती तरी कशी, हे त्यांना जाणून घ्यावयाचे होते. आम्हीही कान टवकारले.

बाईंनी थोडा विचार केला. "आंबट होती," त्या म्हणाल्या. "आणि घरी येईपर्यंत जराशी कोमट झालेली असे."

मग त्यांनी वाढणाऱ्या मुलीला हाक मारली आणि आपल्यासाठी बारा न मागवता मठाची सर्वांत हलकी बीअर मागविली. मास्तरांनीही तीच मागविली.