चिलटं मारून संपत नाहीत

मागच्या आठवड्यात गावाकडून मोसंबीची गोणी आली. जालन्याची मोसंबी, २०१६ला भौगोलिक मानांकन मिळालेली! चार दिवसांत स्वयंपाकघरात चिलटंच चिलटं. फवारा मारला, दोन दिवसांनी पुन्हा तेवढीच.

मग पेल्यात व्हिनेगर, त्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब. सकाळी पन्नासेक बुडालेली. मी खूश. बायको म्हणाली, "अहो, मेलेली काय मोजताय? येतात कुठून ते बघा."

गोणीच्या तळाशी दोन मोसंब्या सडल्या होत्या. आणि कचऱ्याची बादली तीन दिवसांची, उघडी. एक मादी शेकडो अंडी घालते, उबेत आठ-दहा दिवसांत नवी पिढी तयार. पेला कुठं पुरणार?

बागेतली फळमाशी वेगळी, पण वडील तिथंही आधी गळालेली फळं वेचून खड्ड्यात पुरायचे. सापळे नंतर.

बादली तीन दिवस का राहिली? घंटागाडी आली नाही म्हणून. त्यावर मी बातमीही केली. पण ओला-सुका कचरा वेगळा ठेवायचा नियमही २०१६पासूनचाच, अन् माझ्या घरात सगळं एकाच बादलीत! हे बातमीत लिहिलं नव्हतं.

आता ओला कचरा झाकणाच्या डब्यात, तिथून रोज गच्चीवरच्या खताच्या ड्रममध्ये. चिलटं जवळपास गेली. गाडीसाठी भांडण चालूच राहील. वॉर्डात धूर सोडून फोटो काढणाऱ्यांनाही हेच विचारायचंय: साहेब, उकिरडा कधी उचलणार?

तुमच्या गल्लीत गाडी किती दिवसांनी येते? लिहा.