क्षमा केलेला चोर

लेखकाचें शील एका बाजूस ठेवून त्याची कृति पाहावी, असें मी वर्गांत नेहमीं सांगत आलों आहें. झ्यां झनेपाशीं आलें कीं ही सोय उरत नाहीं. त्याचे गुन्हे हीच त्याची सामग्री! १९१० सालीं पॅरिसला जन्मलेलें, आईनें टाकलेलें हें पोर मोर्व्हांतील एका सुताराच्या घरीं वाढलें. पुढें मेत्रेची सुधारशाळा, चोऱ्या, तुरुंग. पहिली कादंबरी त्यानें तुरुंगांतच लिहिली. कॉक्तो, सार्त्र प्रभृतींनीं रदबदली केल्यावर १९४९ सालीं राष्ट्राध्यक्षांनीं त्याला माफी दिली. १९५२ सालीं सार्त्रनें भलामोठा ग्रंथ लिहून त्याला संतपदींहि बसविलें. त्या ग्रंथानें आपली लेखणी कांहीं काळ मुकी केली, असें तोच पुढें सांगे.

त्याच्या कादंबऱ्यांतील कित्येक पानें मला आजहि रुचत नाहींत. पण १९४७ सालीं रंगभूमीवर आलेलें त्याचें 'ले बॉन' पाहा. मालकीण बाहेर गेली कीं दोघी बहिणी-बहिणी मोलकरणी तिचेच कपडे चढवून तिचाच खेळ मांडतात. एक मालकीण होते, दुसरी दासी, आणि तोरा मात्र हुबेहूब मालकिणीचा! हें नाटक मीं घरांत वाचून दाखविलें, तेव्हां मोरीवरून भांडीं घासल्याचा आवाज येत होता. मध्येंच तो थांबला. पुढचा भाग मीं जरा हळू वाचला.