न लावलेल्या झाडांची यादी

१५ जानेवारी
संक्रांत. वड्या थापून झाल्या आणि त्याच शेगडीवर आधण ठेवलं, वॉटलच्या, म्हणजे इथल्या ऑस्ट्रेलियन बाभळीच्या, बियांसाठी. डिसेंबरात ओढ्याकाठच्या झाडांवरून खुडलेल्या शेंगा (परवाना ओढ्यावर झाडं लावणाऱ्या आमच्या गटाच्या नावावर आहे) घमेल्यात पसरून ठेवल्या होत्या. उन्हात तडतडून फुटल्या. बी काळं, गुळगुळीत, जवसाहून किंचित मोठं, टोकाला फिकट टोपी. त्या टोपीच्या लोभानं मुंग्या ते ओढून बिळात नेतात. नुसतं पेरलं तर वर्षानुवर्षं ढिम्म पडून राहतं, कारण कवच इतकं टणक की रानात वणव्याची धग लागल्याशिवाय आत पाणी शिरत नाही. मग वणव्याचं काम घरी पातेल्यानं करायचं. उकळी बसली की पाणी बियांवर ओतायचं आणि रात्रभर झाकून ठेवायचं.

१६ जानेवारी
सकाळी झाकण काढलं. निम्म्याहून जास्त बिया भिजल्या मटकीसारख्या टचटचीत फुगल्या होत्या, बाकीच्या तळाशी होत्या तशाच. फुगलेल्या निवडून पेरल्या, उरलेल्यांना पुन्हा आधण. मुलानं वाटीत डोकावून विचारलं, "आई, उसळ का?"

१७ फेब्रुवारी
कोरोरॉइट क्रीकवर गेले. मी त्याला ओढाच म्हणते. मेलबर्नच्या पश्चिमेचा हा मुलूख म्हणजे सपाट माळ आणि खाली काळा बसाल्ट. दगड घरचा वाटतो. आपल्या सह्याद्रीचा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, इथला त्या मानानं कालचा, पण तीच चिकणमाती, उन्हाळ्यात त्याच भेगा. पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आमच्या माणदेशाइतकाच. फक्त तो बारा महिने चिमटी-चिमटीनं येतो.

आज मुद्दाम एकटी गेले, कारण गेल्या वर्षीचं मनात होतं. वरच्या वळणावर बॉक्सथॉर्नची जाळी माजली होती. दक्षिण आफ्रिकेहून कुंपणासाठी आणलेलं हे काटेरी झुडूप आता देशभराच्या तणांच्या काळ्या यादीत आहे. आम्ही पंधरा-वीस जणांनी एका रविवारी सगळं मुळापासून काढलं. ट्रेलर भरले, फोटो काढले. हातांना महिनाभर ओरखडे होते आणि मला त्यांचं कौतुक होतं. नंतर लक्षात आलं की त्या वळणावर फेअरी-रेन दिसेनाशी झाली. शेपटी उभी धरून टुणटुणणारा, नर असला तर डोक्यावर निळं तेज असलेला अंगठ्याएवढा पक्षी. तो त्याच जाळीत राहायचा. आम्ही तण काढलं आणि त्याबरोबर त्याचं घरही. बदली घर द्यायचं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही.

आज अर्धा तास बसले. चिवचिव नाही.

१० मार्च
नर्सरी. गटातले आजोबा बरोबर होते. (तोंडावर मी त्यांना नावानंच हाक मारते, इथली रीत तशी. वहीत मात्र आजोबा.) त्यांनी माझी यादी वाचली: पहिल्या ओळीपासून नवव्यापर्यंत झाडंच. निलगिरीच्या चार जाती, मोठ्या लाल फुलांची ग्रेव्हिलिया, कूटामुंड्रा वॉटल.

"ही बागेची यादी झाली," म्हणाले.

मी म्हटलं, सगळी ऑस्ट्रेलियन आहेत. ते म्हणाले, कूटामुंड्रा हे न्यू साउथ वेल्समधलं एक गाव आहे, हा वॉटल मूळचा त्याच्या आसपासच्या एका तुकड्यातला. इथं व्हिक्टोरियात तो बागेतून निसटून रानात शिरतो, तिथल्या वॉटलशी संकर करतो. देश एकच असला म्हणून झाड इथलं होत नाही.

मला हे कळायला वेळ लागायला नको होता. आपल्याकडे वन खात्यानं आणि सामाजिक वनीकरणानं ऑस्ट्रेलियन बाभूळ डोंगरचे डोंगर भरून लावली. कोकणच्या किनाऱ्यावर सुरू आला, तोही बाहेरूनच. आणि उलट हिशेब? आपली गावठी बाभूळ, जिच्या शेंगा शेळ्या खातात आणि जिच्या डहाळीनं माझे आजोबा दात घासायचे, ती क्वीन्सलँडच्या कुरणांत सावली आणि चाऱ्यासाठी आणली गेली आणि आज तिथलं बदनाम तण आहे. वर नावही गेलं. अकेशिया हे नाव मूळ ज्या झाडावरून पडलं ती बाभूळच. पण २००५ मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत वनस्पतिशास्त्रज्ञांनी ते नाव ऑस्ट्रेलियाच्या वॉटलकडे ठेवायचं ठरवलं, २०११ मध्ये इथं मेलबर्नलाच त्यावर शिक्कामोर्तब झालं. बाभूळ आता व्हॅचेलिया. माणदेशात हे कुणाला सांगितलं तर म्हणतील, असू द्या, काटा तोच ना.

काटा तोच. हे वाक्य परत येताना गाडीत डोक्यात फिरत राहिलं.

११ मार्च
ग्रेव्हिलियाबद्दल राहिलंच. मोठ्या फुलांच्या संकरित ग्रेव्हिलियाला बारमाही मध असतो. त्यावर नॉइझी माइनर नावाचा करडा, पिवळ्या चोचीचा पक्षी टोळीनं मुक्काम ठोकतो आणि आसपासच्या सगळ्या छोट्या पक्ष्यांना हुसकावून लावतो. विरळ मोठी झाडं आणि खाली मोकळं गवत ही त्याची आवडती जागा. म्हणजे मी लागवडीसाठी काढलेला नकाशा. २०१४ मध्ये केंद्र सरकारनं त्याच्या या दादागिरीची नोंद जीवसृष्टीवरचा धोका म्हणून केली. हा पक्षी इथलाच. गंमत अशी की शेजारी त्याला आणि आपल्या साळुंकीला एकाच नावानं शिव्या घालतात. साळुंकी १८६२ मध्ये मेलबर्नला भाजीपाल्याच्या मळ्यांतले किडे खायला आणली होती. किडे किती खाल्ले ठाऊक नाही, पोळी मात्र ती माझ्या ओट्यावरूनही नेते.

२० एप्रिल
नवी यादी. आज द्यायचीच होती, उशीरच झालाय.

पहिलं नाव बर्सारिया. काटेरी, वाकडंतिकडं, वर्षातले दहा महिने कुणी वळून बघणार नाही असं. भर उन्हाळ्यात, बाकी सगळं करपलेलं असताना, पांढऱ्या फुलांनी भरतं आणि त्यावर गांधीलमाश्या, भुंगे, फुलपाखरं यांची जत्रा भरते. मेलबर्नच्या ईशान्येला एल्थम आहे. तिथलं तांबूस फुलपाखरू संपलं असं सगळ्यांनी धरलं होतं, ते १९८६ मध्ये पुन्हा सापडलं. त्याच्या अळ्या याच झुडपाचा पाला खातात. दिवसा त्या बुंध्याशी मुंग्यांच्या वारुळात दडून बसतात, रात्री मुंग्यांच्या पहाऱ्यात चरायला वर येतात. आमच्या ओढ्यावर ते फुलपाखरू नाही. पण ज्या झुडपाच्या मुळाशी असा संसार चालतो त्याला मी यादीत शेवटी टाकलं असतं, याची लाज वाटली.

दुसरं ट्री व्हायोलेट. नाव नाजूक, झाड म्हणजे खडकाच्या खाचेत रुतून बसलेला काटेरी गोळा. फुलं तुरीच्या डाळीएवढी, फिकट पिवळी, फांदीच्या खालच्या अंगाला लपलेली, पण वास लांबून येतो. तिसरं हेज वॉटल, तेही काटेरी. मग काळा वॉटल, तो झपाट्यानं वाढून दहा-पंधरा वर्षांत मरतो आणि तोवर बाकीच्यांना आडोसा देतो. कँगारू अ‍ॅपल, वांग्याच्या कुळातलं, तेही असंच चार दिवसांचं पाहुणं. खडकाळ उतारावर ड्रूपिंग शीओक, म्हणजे सुरूची चुलत बहीण. यात नर झाड वेगळं, मादी वेगळी, बोंडं फक्त मादीला, तेव्हा एकटंदुकटं लावून उपयोग नाही. आणि पाण्याजवळ रिव्हर रेड गम, फक्त बारा.

बाराच का, असं गटातल्या एकीनं विचारलं. लोकांना मोठं झाड दाखवता येतं, झुडूप दाखवता येत नाही, हे तिचं म्हणणं खरंच आहे. पण रेड गमला पोपटाला घरटं करता येईल एवढी ढोली पडायला शंभर वर्षं तरी लागतात. आपल्या हयातीत कामाला येणारा रेड गम तिथं आधीच उभा आहे, वठलेला. तो तोडू नका एवढंच बघायचं.

रात्री आईला फोन. यादी सांगितली. ती म्हणाली, "म्हणजे काट्यांची हेकळच लावतेस की. अगं, हेकळ कुणी लावतं का, ती येते आपली." मग स्वतःच म्हणाली, विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीची किती घरटी असायची, आठवतं? पोरं वर चढायची नाहीत काट्यांना भिऊन, सापही जायचा नाही.

५ मे
आज भांडण. ओढ्याच्या वरच्या बाजूला सपाट माळाची एक पट्टी आहे, उरलेल्या झाडांसाठी ती वापरू असं दोघा-तिघांचं म्हणणं. मीही मान डोलावली होती. आजोबा आम्हाला तिथं घेऊन गेले आणि गुडघ्यावर बसले. आम्हीही बसलो. उभ्यानं जे वाळलं गवत दिसत होतं ते बसल्यावर निराळं झालं. तांबूस कँगारू ग्रास, त्याच्या बुचक्यांमध्ये मोकळी माती, त्या मातीत रोझेटसारखी पसरलेली बारीक पानं, शेवाळ, एका विंचवाचं बीळ.

व्हिक्टोरियाच्या ज्वालामुखी माळावरचं हे गवताळ रान २००८ पासून अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेलं आहे. फारच थोडं उरलंय. या माळावर मुरनाँगचे पिवळे फुलोरे असायचे. त्याचे गोड कंद इथल्या मूळ रहिवाशांचं रोजचं अन्न. १८३० च्या दशकात मेंढ्या आल्या आणि ते मुळासकट खाऊन गेल्या. जे उरलं त्यावर नांगर, मग घरं, त्यातलं एक माझंही. इथं झाडं लावणं म्हणजे त्या गवताच्या उन्हावर छत घालणं.

मी धनगरांच्या शेजारी वाढले. सोलापूर-साताऱ्याच्या माळांवर सरकारी खड्डे पडताना, त्यांत गिरिपुष्प लागताना पाहिलंय. कागदोपत्री ती 'पडीक जमीन' होती. माळढोक, लांडगा, चंडोल यांना ती पडीक वाटत नव्हती. तेव्हा मी शाळेच्या वृक्षदिंडीत घोषणा देत होते.

पट्टी सोडली. साठ रोपं यादीतून कमी केली.

२१ जून
वटपौर्णिमा, कडाक्याची थंडी. मंडळातल्या वहिनींचा फोन: "वड कुठे मिळेल गं? तुला झाडातलं कळतं." एका बागेत प्रचंड मोठी मॉर्टन बे फिग आहे, वडाच्याच कुळातली. तिथं सात-आठ जणी जॅकेटावर नथ घालून पोचलो. दोरा पुरला नाही, बुंधा फारच मोठा. वहिनी म्हणाल्या, "बरं झालं, ही तरी इथलीच." मी गप्प बसले. ती क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्याची. सणाच्या दिवशी कुठं सांगत बसू.

२८ जुलै
लागवड. सकाळी धुकं, मग बारीक पाऊस, म्हणजे उत्तम. हॅमिल्टन प्लांटर नावाचं अवजार आहे. पायानं दाबलं की मातीचा एक दंडगोल उपसून येतो, रोपाच्या नळीच्या मापाचा. पण आमच्या मातीत ते दोन वेळा दगडावर खणकतं, तिसऱ्यांदा जातं. नळी उलटी करून बुंधा बोटांत धरायचा, गड्डा अलगद खड्ड्यात, कडेनं माती दाबायची, रोप हलकंच ओढून पाहायचं. ओढल्यावर आलं तर पोकळी राहिली. मग बांबूच्या तीन काड्या आणि भोवती कवच, सशांसाठी. माझ्या पातेल्यातल्या वॉटलचे एकोणतीस जगले, वीतभर झाले. त्यांना मीच लावलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

बर्सारिया आणि ट्री व्हायोलेट एकेकटे नाही लावले. पाच-सात जवळजवळ, कोपरं लागतील इतके. सहकुटुंब आलेल्या एका मराठी गृहस्थांनी काळजीनं विचारलं, "ताई, एवढी दाटी कशाला? वाढायला जागा नको का?" मी म्हटलं, एकमेकांत गुंतायला हवीत. त्यांना ते पटलं नसावं, पण लावली त्यांनी नीट.

१ सप्टेंबर
वॉटल डे. ओढ्याचा सगळा उतार पिवळा. अकरा रोपं गेली, त्यातली चार कँगारूंनी कवचासकट लोळवलेली. बाकी हिरवी.

खालच्या वळणावर बॉक्सथॉर्नच्या तीन जाळ्या अजून आहेत. या वर्षी त्या काढायच्या नाहीत असं ठरलं. आमची झुडपं गुंतून कमरेएवढी झाली की मग एकेक. मधल्या जाळीत आज काहीतरी हललं, शेपटी दिसल्यासारखं वाटलं, खात्री नाही. तिन्हींना लाल फीत बांधून आले. नाहीतर एखादा उत्साही स्वयंसेवक कुऱ्हाड घेऊन येईल, माझ्यासारखा.