अंथुर्ण्यातली दुसरी स्क्रीन

'वर्क फ्रॉम होम'मधलं होम म्हणजे पुण्यातला वन बीएचके, असं ऑफिसात सगळे धरूनच चालतात. आमचं होम अंथुर्ण्याला! बारामतीहून इंदापूरकडे निघालात की भवानीनगरचा साखर कारखाना लागतो, मग बेलवाडी (तुकोबांच्या पालखीचं रिंगण होतं ती), लासुर्णे, आणि मग आम्ही. यंदा अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि मी महिनाभर गावाकडून काम करायची परवानगी काढली. मॅनेजरची अट एकच, कामाचा वेग कमी व्हायला नको.

आता चौदा इंची लॅपटॉपवर एका बाजूला कोड आणि दुसऱ्या बाजूला लॉग उघडून बघा. दिवसभर नुसतं ऑल्ट-टॅब, ऑल्ट-टॅब. दुसरी स्क्रीन ही चैन नाही हो. म्हणून चोवीस इंची मॉनिटर खोक्यासकट मांडीवर घेऊन स्वारगेटहून एसटीत बसलो. शेजारच्या आजींनी टीव्ही केवढ्याला पडला ते विचारलंच.

मॉनिटर जुना. मागे दोन भोकं, व्हीजीए आणि एचडीएमआय. व्हीजीए हे १९८७ साली आयबीएमच्या पीएस/२ कॉम्प्युटरबरोबर आलेलं प्रकरण. त्यातून चित्र ॲनालॉग जातं, त्यामुळे केबल लांब किंवा हलकी असली की अक्षरांना सावली पडते. एचडीएमआय डिजिटल. दोन्ही असतील तर दुसरा विचार करूच नका, एचडीएमआय लावा. आणि लॅपटॉपला एचडीएमआय आणि मॉनिटरला फक्त व्हीजीए असं असेल, तर साधी वायर चालत नाही. मधे सिग्नल बदलणारा कन्व्हर्टर लागतो, दुकानदार काहीही म्हणो.

खरी गंमत टाइप-सीची. माझ्या लॅपटॉपला बाहेर पडायला तेवढाच रस्ता आहे. सगळी भोकं दिसायला सारखी, पण प्रत्येकातून चित्र बाहेर येतंच असं नाही. भोकाशेजारी विजेचं चिन्ह किंवा डिस्प्लेपोर्टचा इंग्रजी डीसारखा शिक्का दिसला तर बहुतेक काम होतं. तरी लॅपटॉपच्या कागदावर 'डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड' हे शब्द शोधावेत. मोबाईलच्या चार्जरची वायरही दिसायला तशीच असते, पण तिच्यात सहसा चित्र नेणाऱ्या तारा नसतात. टाइप-सी ते एचडीएमआयचा छोटा अडॅप्टर मी पुण्यातूनच घेऊन, लावून बघून आणला होता.

मॉनिटर बसला आईच्या शिलाई मशीनच्या टेबलावर, लॅपटॉपच्या डावीकडे. विंडोजला हे कसं कळणार? ते धरून चालतं की दोन नंबर उजवीकडेच आहे. डिस्प्ले सेटिंगमध्ये एक आणि दोन आकड्यांचे चौकोन दिसतात. त्यातला दोन नंबरचा ओढून डावीकडे ठेवला, की माउस सरळ तिकडे जातो. मग स्केलिंग. लॅपटॉपला १५० टक्के आणि मॉनिटरला १०० ठेवलं की दोन्हीकडची अक्षरं साधारण एका मापाची दिसतात. रिझोल्यूशनला मात्र हात लावू नये. 'रेकमेंडेड' लिहिलेलंच बरं असतं.

पुण्यात कधी न सुचलेली गोष्ट म्हणजे लाईट! लॅपटॉपला बॅटरी आहे, मॉनिटरला नाही. लाईट गेली की सगळ्या खिडक्या धाडकन लॅपटॉपवर गोळा होतात. आता असा मॉनिटर खातो वीस-पंचवीस वॉट, छताच्या साध्या पंख्याहून बराच कमी. तो आणि राउटर, दोन्ही घरच्या इन्व्हर्टरवर टाकले. विंडोज ११ मध्ये मॉनिटर परत आला की खिडक्या आपापल्या जागी नेऊन ठेवायची सोयही आहे, ती चालू करून टाका.

ऑपरेशननंतर अण्णांना मोबाईलवरचं बारीक अक्षर दिसेना. एका शनिवारी दुपारी म्हणाले, "सातबारा बघायचा होता रं." महाभूलेखवर उतारा काढला, खिडकी ओढून मोठ्या मॉनिटरवर टाकली आणि कंट्रोल दाबून अधिकचं बटण मारत दोनशे टक्के केलं. अण्णा खुर्ची ओढून बसले. एकेक रकाना बोट लावून वाचत गेले, मॉनिटरवर बोटांचे ठसे उमटवत.

बारा नंबरच्या पिकांच्या रकान्यापाशी थांबले. "हितं ऊसच दिसतोय. डाळिंब कुठाय?"

ऊस मोडून डाळिंब लावलेलं, पण नोंद जुनीच. पीकनोंद नसली की विमा असो वा नुकसानभरपाई, पुढे सगळं अडतं. २०२१ पासून शेतकऱ्याला ही नोंद मोबाईलवरून स्वतः करता येते, पण त्यासाठी शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढावा लागतो. हंगामाची मुदत संपायला आठवडा बाकी होता. अण्णांना धुळीत जायची बंदी, म्हणून रविवारी सकाळी मी एकटाच रानात गेलो.

नोंद चढली. अण्णांना मात्र फोनवरच्या पोचपावतीचं काही पटेना. "ते मोठ्यावर दाखव," म्हणाले. दाखवलं. चष्मा न लावता गट नंबर वाचला, मग डाळिंबाचं क्षेत्र वाचलं, आणि म्हणाले, "आता चुलत्याचा पण काढ."