खिळ्यांची माणसं

माझ्याकडे अकरा जहाजं आहेत. सगळी मिळून एका फळीवर मावतात. सूतगिरणीतले सोबती म्हणतात, पगार उधारीत जातो आन् हा खेळणी जमवतो. म्हणू देत.

दहा जहाजं मुंबईच्या चोरबाजारातली. जुनी, ओतीव धातूची, रंग उडालेली. त्यातलं एक 'क्वीन मेरी'. इंग्लंडच्या ट्राय-अँग कंपनीनं 1959 साली ही 'मिनिक' जहाजं बाजारात आणली. प्रमाण एकास बाराशे. म्हणजे 1019 फुटांची क्वीन मेरी दहा इंचांत बसते. तीन धुराडी आहेत, डोलकाठ्या आहेत. माणूस नाही. या प्रमाणात माणूस मोहरीहून बारीक होतो, मग कंपनीनं तो गाळलाच.

दुसऱ्या महायुद्धात असलीच छोटी जहाजं दाखवून सैनिकांना शत्रूचं जहाज ओळखायला शिकवत. जहाज ओळखायचं, बुडवायचं. आत कोण बसलंय हे ओळखायचं काम नव्हतं.

दोस्तहो, माणूस गाळायचं प्रमाण आम्हाला नवं नाही. आमच्या मुरुडला पाव्हणे येतात, समुद्र बघतात, महर्षी कर्व्यांचं गाव म्हणून हात जोडतात. आमची वाडी कुठल्या प्रमाणात बसते?

अकरावं जहाज माझ्या आज्यानं केलेलं. पांगाऱ्याचं लाकूड, कोयत्यानं तासलेलं. आजा अठराव्या वर्षी हर्णैहून बोटीनं मुंबईला गेला, गिरणीत लागला. बोट आत समुद्रात उभी राहायची, पडावातून तिच्यापर्यंत जायचं. डेकवर सगळी एकमेकांना खेटून. पण भाकरी सोडली की शेजारचा विचारायचा, "मुरुडात कुठली वाडी?" आजा सांगायचा. मग शेजारचा गाठोडं उचलून सरकायचा. आजा म्हणायचा, "येवढ्या गर्दीत आमालाच तेवढी ऐसपैस जागा मिळायची."

1982 चा संप झाला, गिरणी गेली, आजा गावी परतला आन् त्यानं ही बोट केली. डेकवर बारीक खिळे ठोकलेत. एक खिळा, एक माणूस. सगळे खिळे एकमेकांना चिकटून, मधे कुठंच मोकळी जागा ठेवली नाही. खिळे धुराड्याएवढे उंच आहेत. जाणकार संग्राहक तिचे चार आणे देणार नाही. मी ती क्वीन मेरीच्या पुढं ठेवलीय.

आता मी 'रामदास' करतोय. 17 जुलै 1947. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट. गटारीला घरी चाललेली माणसं. वाटेत बुडाली, 600 च्या वर गेली. स्वातंत्र्य महिन्यावर आलं होतं.

पांगारा गावाहून आणलाय. रातपाळी सुटली की तासभर तासतो. 600 खिळे बसायचे तर बोट हातभर लांब करावी लागेल. करीन. फळीवर जागा नाही. क्वीन मेरी खाली उतरवीन.