फायबरची होडी मोडीत निघत नाही

लाकडी होडी म्हातारी झाली की तिचं काय करायचं, हे उरणजवळच्या करंजाच्या किनाऱ्यावर कुणाला विचारावं लागत नसे. खिळे भंगारात जात, बऱ्या फळ्या गोठ्याला नाहीतर कोंबड्यांच्या खुराड्याला लागत आणि उरलंसुरलं लाकूड पावसाळ्यात चुलीत. फायबरच्या होडीची ही सोय नाही. ती कुजत नाही, गंजत नाही, तिला वाळवी लागत नाही. विकताना ज्या गुणांचं कौतुक होतं, तेच गुण टाकायची वेळ आली की अंगाशी येतात. जाळावी तर काळाकुट्ट विषारी धूर, तोडावी तर काचेची भुकटी. लोखंड, तांबं, पुठ्ठा, फुटकी बादलीसुद्धा तोलून घेणारा उल्हासनगरचा भंगारवाला फायबरचं नाव काढलं की हात झटकतो. त्याचंही खरं आहे. लोखंड वितळवून पुन्हा विकता येतं; फायबरमधली काच बांधून ठेवणारं पॉलिएस्टर रेझिन एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही.

माझ्या मेव्हण्याची अठरा फुटी होडी अशीच खाडीकडेला पडून होती. त्याने नवी घेतली, जुनीत पावसाचं पाणी साचून डास व्हायला लागले. मला म्हणाला, "भावोजी, हिला आता कोन घेनार? तुमीच न्या." नेली. पनवेल, तळोजा, काटई असा टेम्पोचा प्रवास करून ती चिखलोलीला आमच्या अंगणात येऊन टेकली. गावाभोवती आता टॉवर उठतायत, अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये चिखलोलीचं स्वतःचं स्टेशन व्हायचं काम चाललंय. अशा ठिकाणी दारात होडी म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला करमणूकच. "काका, धरणात सोडणार का?" हा प्रश्न पोरांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांनी विचारून झाला. धरणाचं पाणी अंबरनाथ पितं, तिथे होडी कशाला सोडू? पण होडीचं आणि आपलं काय नातं, असं समजणाऱ्या इथल्या माणसांची मला गंमत वाटते. २००५ च्या २६ जुलैला उल्हास नदी कुठवर आली होती, हे जुन्या बदलापूरकरांना विचारा. आणि २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये चामटोलीजवळ पाण्यात अडकली, तेव्हा हजाराच्या आसपास प्रवासी सोडवायला एनडीआरएफच्या होड्याच लागल्या होत्या.

होडी घ्यायला मी धजावलो, त्याचं खरं कारण वेगळं होतं. माझी सगळी नोकरी झाली ती अंबरनाथच्या एमआयडीसीत, फायबरच्या टाक्या आणि पाइपांच्या कारखान्यात. रासायनिक कारखान्यांत हायड्रोक्लोरिक आम्ल साठवायला लोखंडाची टाकी चालत नाही, आम्ल तिला खाऊन टाकतं. तिथे फायबर लागतं. काचेचं तेच मॅट, जवळपास तेच रेझिन, तोच रोलर. फरक इतकाच की टाकीत आम्ल आत ठेवायचं असतं आणि होडीत पाणी बाहेर.

पहिलं काम ऐकायचं. हातोडीच्या दांड्याने होडी बोटाबोटावर ठोकत जायची. जिथे थर एकजीव आहेत तिथे टणक आवाज येतो, जिथे सुटले आहेत तिथे बद्द. अशा जागेभोवती खडूने गोल करायचा. नाळ, म्हणजे पुढचं टोक, चांगली निघाली, बूडही बरं होतं. सगळं दुखणं मागच्या फळीत, म्हणजे ज्या फळीवर इंजिन टांगतात तिच्यात. ती बाहेरून फायबरची दिसते, पण आत प्लायवूड असतं. इंजिनच्या बोल्टसाठी भोकं पाडतात आणि ती तशीच कोरी सोडून देतात. तिथून वर्षानुवर्षं खारं पाणी आत झिरपतं. वरची कातडी कापून काढली तेव्हा आतलं प्लायवूड चहात बुडवलेल्या खारीसारखं पदर सुटून हातात आलं. काच धडधाकट, रेझिन धडधाकट. मेलं होतं ते त्यांच्यामधलं लाकूड.

नवीन फळी मरीन प्लायची घातली. 'मरीन' असा शिक्का मारलेला प्रत्येक माल खरा नसतो. आयएस ७१० हा आकडा छापलेला पाहावा आणि एक तुकडा उकळून पाहावा. तुकड्याचे पदर सुटले तर दुकानदाराला नमस्कार करून निघावं.

मग घासकाम. जुन्या घट्ट झालेल्या फायबरशी नवं रेझिन विरघळून एक होत नाही, ते खरबरीत पृष्ठभागाला पकडून बसतं. म्हणून भेगेच्या कडा ग्राइंडरने लांब उतरत्या कराव्या लागतात, एक मिलिमीटर जाडीला बारा मिलिमीटर उतार. उडणारी काच मनगटात, मानेत, पापण्यांत शिरते. तोंडावर मास्क, अंगभर जुने कपडे, आणि नंतर थंड पाण्याची आंघोळ. गरम पाण्याने छिद्रं उघडतात आणि काच आणखी रुतते, असं आमच्या कारखान्यात पहिल्याच दिवशी सांगत. बायकोने माझे कपडे घरच्या मशीनमध्ये टाकायला साफ नकार दिला, आणि तेच बरोबर होतं.

रेझिनचं काम पहाटे. मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. नऊ वाजल्यानंतर मगात कालवलेलं रेझिन मॅटला लागायच्या आत मगातच गोळा होऊन धुमसू लागतं. उन्हाळ्यात हार्डनर कमी, शेकडा एकच्या आसपास. आधी घट्ट होण्याचा वेग वाढवणारा कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचा, मगच हार्डनर. त्या दोघांची थेट गाठ पडली तर भडका उडतो. मॅट पसरा, ब्रशने भिजवा, रोलरने हवा काढा. काच भिजली की पांढरा रंग जाऊन ती पारदर्शक होते आणि खालचा खडूचा गोल दिसायला लागतो. माझ्या मते या धंद्यातलं एवढं एकच दृश्य बघण्यासारखं आहे. शेवटच्या हातात थोडं मेण लागतं, नाहीतर हवेमुळे पृष्ठभाग चिकट राहतो. आणि हे सगळं पावसाआधी उरकायचं, कारण ओलसर हवेत मॅट दमट होतं आणि थर धरत नाही.

सासऱ्यांची होडी लाकडी होती. पावसाळ्यात ती वर ओढून झापांनी शाकारत, फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकत, तेल पाजत. दरवर्षी. लोक फायबरकडे वळले ते या दरवर्षीच्या कष्टांना कंटाळून, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. फक्त जपणूक संपली नाही, ती साठत राहिली. लाकूड दरवर्षी थोडं थोडं मागायचं. फायबर पंधरा वर्षं काही मागत नाही आणि मग एकदम सगळं मागतं.

जुन्या गाड्या मोडीत काढायचं धोरण आपल्याकडे २०२१ मध्ये आलं. मोठी जहाजं मोडायला गुजरातेत अलंग आहे. फ्रान्समध्ये २०१९ पासून हौशी नौका मोडायची व्यवस्था आहे आणि तिचा खर्च नवी नौका विकणाऱ्यांकडून घेतलेल्या वर्गणीतून भागतो. आपल्या मत्स्यव्यवसाय खात्याकडे प्रत्येक होडीची नोंदणी होते. त्याच अर्जात 'ही होडी शेवटी कोण परत घेणार' असा एक रकाना घालायला काय हरकत आहे?

दुरुस्त झालेली होडी करंजाला परत गेली. ३१ जुलैला मासेमारीबंदी उठल्यावर मेव्हण्याचा मुलगा ती खाडीत नेईल. तुमच्या ओळखीत कुणी नवी फायबर होडी घेत असेल, तर रंग आणि नाव नंतर निवडा. आधी बनवणाऱ्याला मागच्या फळीतलं बोल्टचं प्रत्येक भोक आतून रेझिनने बंद करायला लावा, आणि तो ते करत असताना शेजारी उभे राहा.